मे महिन्यातली चढण

"मास्तर, तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलंत. ती पोरगी खोलीत बसून जे करते ते शिक्षण आहे की खेळ, तेवढं मला सांगा. बांधी विकायची की नाही ते मी त्यावर ठरवीन."

दुल्हाभाई हे बोलले तेव्हा आपा चहा गाळत होती. तिचा हात थांबला. मी काहीच बोललो नाही. भाचीला विमान चालवायचे आहे ही गोष्ट घरात दोन वर्षांपासून होती, पण तिच्यात जमिनीचे नाव पहिल्यांदाच आले होते. बांधी म्हणजे इटियाडोहच्या कालव्याच्या पाण्यावरची धानाची जमीन. आमच्या अर्जुनी-मोरगावकडे जमिनीला कालव्याचे पाणी असणे म्हणजे काय, हे ज्याच्याकडे ते नाही त्यालाच विचारावे. गाढवी नदीवर हे धरण झाले आणि ज्यांच्या बांध्या पावसाच्या भरवशावर होत्या ते उन्हाळी धानही घेऊ लागले. दुल्हाभाईंच्या अब्बांनी त्या काळी पै-पै जोडून घेतलेली ही जमीन. ती विकून मुलीला आकाशात पाठवायचे, आणि तिथून ती परत उतरेल याची जबाबदारी माझ्या एका होकारावर!

मी म्हणालो, "उद्या येतो. बघतो."

वाचकांना आमचा मुलूख थोडा सांगायला हवा. इटियाडोहचे पाणी, त्याला लागून गोठणगाव, आणि जवळच प्रतापगडाचा डोंगर. महाशिवरात्रीला इथे महादेवाची मोठी यात्रा भरते आणि त्याच ठिकाणी ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. आमच्याकडची कितीतरी घरे दोन्हीकडे नारळ-चादर घेऊन जातात आणि त्यात आपण काही विशेष करतो असे कुणाला वाटत नाही. गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग नावाची वसाहत आहे, १९७२ पासूनची. बारा-तेरा हजार फुटांवरच्या विरळ हवेत ज्यांचे वाडवडील वाढले, ते लोक आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात येऊन राहिले. पुढे हवेच्या विरळपणाचीच गोष्ट निघणार आहे, म्हणून त्यांची आठवण झाली.

आणि उत्तरेला, गोंदिया शहराच्या पलीकडे, बिरसीचे विमानतळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ही धावपट्टी पुढे कित्येक वर्षे जवळजवळ ओसाड होती. मग ती मोठी केली गेली आणि वैमानिक घडवणारी संस्था तिथे आली. तेव्हापासून आमच्या डोक्यावरून लहान विमाने घिरट्या घालू लागली. धानाची रोवणी करणाऱ्या बाया मान वर करून बघायच्या आणि पुन्हा वाकायच्या. माझी भाची मात्र वाकली नाही, वरच बघत राहिली. तिच्या या वेडाचे कारण विचाराल तर मला एवढेच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत गेलो. जुन्या बाजारातून घेतलेला कॉम्प्युटर, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेली जॉयस्टिक, भिंतीवर शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा. सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टचा. या नावाचा पहिला खेळ १९८२ साली निघाला आणि त्यात जमीन म्हणजे नुसत्या रेषा होत्या. २०२० सालच्या आवृत्तीत उपग्रहाने टिपलेली पृथ्वी आहे आणि खेळताना जगाची चालू हवा इंटरनेटवरून आत येते. माझ्या डोळ्यांसमोर तिने बिरसीहून सेसना १७२ हे चार जणांचे विमान उचलले, नवेगावबांधचा तलाव डावी-उजवीकडे कुठेतरी मागे टाकला आणि वीस-पंचवीस मिनिटांत इटियाडोहच्या पाण्यावर आणले. मी खुर्चीतून अर्धा उठलो. आमचे धरण! मी म्हणालो, "आपल्या बांध्या दाखव." ती म्हणाली, "मामू, थांबा, आधी हे बघा."

तिने विमान पाण्यालगत खाली घेतले, तोंड प्रतापगडाकडे केले आणि डोंगराच्या तीनेक किलोमीटर आधी पूर्ण जोर देऊन चढवायला लागली. डोंगर जवळ येत गेला. इंजिन ओरडत होते, काटा पुढे सरकत होता, पण डोंगराचा माथा काही खाली जाईना. झाडे मोठी दिसू लागली, आणि पडदा काळा झाला. विमान आपटले होते.

"आता हेच डिसेंबरात करते," ती म्हणाली. तिने एका खिडकीत तापमान बदलले, हवेचा दाब बदलला, पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच वजनाचे विमान आणले. या वेळी माथा बऱ्यापैकी खालून सरकून गेला.

मी तीस वर्षे वर्गात चार्ल्सचा नियम शिकवला. दाब तोच राहिला तर तापवलेला वायू पसरतो. फळ्यावर आलेख काढायचा, मुलांनी तो उतरवून घ्यायचा, परीक्षेत दोन गुण. ज्या चार्ल्सचे नाव त्या नियमाला आहे तो स्वतः डिसेंबर १७८३ मध्ये पॅरिसहून हायड्रोजनच्या फुग्यात बसून वर गेला होता. आणि तो नियम १८०२ मध्ये छापून जगापुढे ठेवणारा गे-ल्युसॅक दोनच वर्षांनी फुग्यातून सुमारे सात हजार मीटरपर्यंत चढला. म्हणजे हा नियम मुळात वर जाणाऱ्या माणसांचा. मी मात्र तो जमिनीवर, पंख्याखाली बसून शिकवला, आणि त्याचा अर्थ मला भाचीच्या काळ्या पडलेल्या पडद्याने सांगितला.

अर्थ असा. विमानाला हवा तीन ठिकाणी लागते. पंखांना वर उचलून धरायला, पुढच्या पंख्याला मागे ढकलायला, आणि इंजिनाला पेट्रोल जाळायला. हवा तापून पसरली की एका घागरीत मावणारी हवा कमी होते आणि तिन्ही ठिकाणी एकदमच टंचाई येते. विमानाला समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाही, त्याला फक्त हवा किती दाट हे कळते. म्हणून वैमानिक 'घनता-उंची' नावाचा हिशोब करतात, म्हणजे आजची ही हवा प्रमाण वातावरणात किती उंचीवर सापडली असती तो आकडा.

हिशोब मी स्वतः वहीवर मांडून बघितला, कारण तिच्यापुढे मास्तरकीची अब्रू राखायची होती. बिरसी समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान तेरा अंश धरतात. मे महिन्याच्या दुपारी आमच्याकडे पंचेचाळीस अंश, आणि उन्हाळ्यात हवेचा दाबही १०१३ मिलिबारवरून हजाराच्या आसपास उतरलेला. दाबाच्या उतरण्याने तीनचारशे फूट वाढतात, आणि उष्णतेच्या प्रत्येक जादा अंशामागे सुमारे एकशेवीस फूट. बेरीज आली पाच हजार तीनशे. कळसूबाईचे शिखर ५४०० फूट! म्हणजे मे महिन्याच्या दुपारी आमची बिरसीची धावपट्टी जागच्या जागी राहून महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरावर जाऊन बसते. आणि डिसेंबरच्या पहाटे, दहा अंशांच्या थंडीत, तीच धावपट्टी सहाशे फुटांवर उतरते.

एक गंमत जाता जाता सांगतो. पावसाळ्यात आपण म्हणतो, हवा जड झाली. घामाने जीव नको होतो, म्हणून आपल्याला तसे वाटते. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका. फरक उष्णतेइतका मोठा नाही, पण आहे. हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते. मला कुणी विचारलेही नव्हते.

भाचीची एक वही आहे. दोनशे पानी, वर जाड निळा पुठ्ठा. त्यात खेळाचे काही नाही, नुसते तक्ते. विमानाचे वजन, तापमान, दाब, हजार फुटांवरून पाच हजारांवर जायला लागलेला वेळ. डिसेंबरच्या रकान्यात सहा मिनिटे दहा-पंधरा सेकंद, मेच्या रकान्यात पावणेआठच्या पुढे. शेजारी लाल शाईने विमान बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेतले आकडे. पूर्ण वजनाचे विमान थंडीत मिनिटाला सातशे फूट चढते, मेच्या दुपारी पावणेसहाशेच्या आत. धावपट्टीवर उचलण्याआधीची दौड तिसऱ्या हिश्शाने लांबते.

मी विचारले, "हवा तर तेरा टक्केच कमी झाली. चढ वीस टक्के कसा कमी होतो?"

ती थोडा विचार करून म्हणाली, "मामू, अब्बांचा पगार असता तर? किराणा, वीजबिल, नानीची औषधं, हे तेवढंच लागणार. पगार घटला की घट सगळी शिल्लकीतून जाते. विमानाला सरळ उडत राहायलाच बहुतेक ताकद लागते. जी उरते तिच्यावर ते चढतं."

तीस वर्षांत मला असे उदाहरण सुचले नव्हते. वर डोंगराचा मामला आणखी वेगळा. विरळ हवेत विमानाला उडत राहायला खरा वेग जास्त ठेवावा लागतो, वेगाच्या काट्यावर मात्र तो जुनाच आकडा दिसतो. म्हणजे मिनिटाला चढ कमी, आणि त्याच मिनिटात डोंगर अधिक जवळ. काट्यावर विश्वास ठेवणाऱ्याला दोन्हीकडून मार.

दाबाचेही तसेच. उंची दाखवणारे यंत्र मुळात दाब मोजते. दाब उतरलेल्या दिवशी त्याला नवा आकडा दिला नाही तर ते तीनचारशे फूट जास्तीची उंची दाखवते, आणि माणूस निर्धास्त राहतो. सिम्युलेटरमध्ये एक बटन दाबले की झाले. "खऱ्या विमानात रेडिओवर विचारावं लागतं आणि आपल्या हातानं फिरवावं लागतं. म्हणून मी बटन वापरत नाही," असे ती म्हणाली. त्या वाक्यावर माझा अर्धा निकाल लागला.

पण उरलेला अर्धा मला सोडवेना. एकदा तिने चालू हवा लावून उड्डाण केले. आकाश निरभ्र, चढ पाचशेचा. एकाएकी काटा शंभरावर आला, पुन्हा बाराशेवर उसळला, मग जणू काही झालेच नाही. मी म्हणालो, हा बिघाड. ती म्हणाली, तापलेल्या जमिनीवरून वर येणारे भोवरे असतात, गिधाडे त्यांच्यावरच घिरट्या घालत चढतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो, कारण दोन्ही गोष्टी होतात. सिम्युलेटरमधली हवा म्हणजे इकडच्या-तिकडच्या नोंदी आणि गणिताने भरलेली मधली जागा. जुन्या आवृत्त्यांत तर हवामान केंद्रे दूरदूर असली की एका केंद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरताना वारा आणि तापमान झटक्यात बदलायचे, आणि उंच चढणारे मोठे विमान अधांतरी अडून बसायचे. निसर्गात अशी हद्द नसते. मग पडद्यावरच्या हवेतून जे शिकायचे त्यातले किती खरे? ज्याच्या जिवावर बांधी विकायची, तो तक्ता नागपूरच्या हवेचा की इटियाडोहच्या?

ओळखीतून ओळख काढत आम्ही बिरसीला गेलो. दुल्हाभाई, मी आणि भाची. तिथे विमान शिकवणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी वही हातात घेतली, उभ्या-उभ्याच चार-पाच पाने उलटली आणि तिला फक्त एक प्रश्न विचारला, "मे महिन्यात दुपारी दोन वाजता पूर्ण टाकी भरून तुला उडायला सांगितलं तर?"

"नाही उडणार. पहाटे जाईन. किंवा टाकी अर्धी भरेन."

ते हसले. म्हणाले, घरच्या सिम्युलेटरने हात तयार होत नाहीत, उलट कधी कधी वाईट सवय लागते. पडद्यावर आपटलेला माणूस चहा प्यायला उठतो, त्यामुळे भीती मरते आणि ती मरू देऊ नये. आकड्यांचा अभ्यास मात्र चांगला आहे. दुल्हाभाईंनी खर्च विचारला. आकडा ऐकून ते गप्प झाले. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि त्यातला प्रत्येक तास पेट्रोलवर चालतो.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलले नाही.

घरात दोन अडचणी होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. पहिली सूदची. बँकेचे कर्ज घ्यायचे तर व्याज. नानी ते ऐकून घ्यायला तयार नाही. ती रोज इशाच्या नमाजीनंतर सूरह मुल्क पढते, ज्या सूरहमध्ये डोक्यावर पंख पसरून उडणाऱ्या पाखरांकडे बघायला सांगितले आहे. मी एकदा हळूच तो उल्लेख काढला. नानी म्हणाली, "बघायला सांगितलंय बाबा, कर्ज काढायला नाही." मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी केली, पण त्याची मर्यादा अशा महागड्या शिक्षणाला पुरणारी नाही. आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणावर भाषणे पुष्कळ होतात. मीही केली आहेत. खर्चाचा कागद पुढे आला की भाषण करणारा चष्मा पुसत बसतो. मी तेच केले.

दुसरी अडचण आपाची. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यात लांजीकडच्या डोंगरात कोसळले. शिकवणारा आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. आपाने ती बातमी कापून ठेवलेली नाही, पण तिला ती तोंडपाठ आहे. ती मला म्हणाली, "तुम्ही दोघे मामा-भाची हवेचं गणित करता. त्या पोरीला गणित येत नव्हतं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. नवव्या शतकात कोर्दोबात अब्बास इब्न फिरनासने पिसे लावून उडी घेतली, काही अंतर गेलाही, पण उतरताना पाठ मोडून घेतली. पाखरू शेपटीवर उतरते आणि याने शेपूट लावली नव्हती, असे मक्करीने लिहून ठेवले आहे. समाजाच्या सभांमध्ये आपण इब्न फिरनासचे नाव अभिमानाने घेतो. त्याची आई किंवा बहीण त्या दिवशी कुठे उभी होती ते कुठे लिहिलेले नाही. आपाला हे मी सांगितले नाही.

दुल्हाभाईंना मात्र जे दिसले ते सांगितले. हा खेळ नाही. शिक्षणही पुरते नाही. पण मुलगी कधी चढू नये हे शिकते आहे, आणि हे मी माझ्या वर्गातल्या कुणाला शिकवू शकलो नाही. जमिनीचे मी काही बोलणार नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी गेलो तर दुल्हाभाई तिच्या खोलीत, स्टुलावर. पहिल्यांदाच. आपा दारात, पदर डोक्यावर, आत यायचे नाही आणि जायचेही नाही अशी. भाची विचारत होती, "अब्बा, तुमचं वजन किती?"

"का?"

"शेजारच्या सीटवर टाकायचं आहे."

"ब्याऐंशी."

तिने ब्याऐंशी किलो लिहिले. तापमान बेचाळीस ठेवले, कारण बाहेर तेवढेच होते. बिरसीहून उचलले. दुल्हाभाई काट्याकडे बघत होते. मिनिटाला चढ किती तो आकडा तिने बोटाने दाखवला आणि एकटी असताना किती असतो तो वहीतला आकडाही दाखवला. दोन्हींत फरक होता.

"मग मला उतरव," दुल्हाभाई म्हणाले, "आणि चढ."

ती हसली नाही. वजन तसेच ठेवून, घाई न करता, ती चढवत राहिली. डोंगर यायला वेळ होता. ती म्हणाली, "आधीपासून सुरुवात केली की होतं, अब्बा." धरण खालून गेले, मग कालवा. दुल्हाभाई स्टुलावरून पुढे वाकले आणि पडद्यावर बोट ठेवून आपली बांधी शोधू लागले. उपग्रहाचे चित्र जुने असावे, त्यात धान हिरवे होते.

पुढच्या आठवड्यात वैद्यकीय तपासणीसाठी तिला नागपूरला न्यायचे आहे. सोबत मी जाणार आहे. आपा म्हणाली, तीही येईल.